छोट्या पिकअप ट्रकवर बाजूची क्रोम पट्टी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

प्लॅस्टिक मॉडेलच्या किटमधला पिकअप ट्रक जोडून झाला, रंग नीट बसला, चाकं फिरायला लागली, तरी बाजूने बघताना गाडी बोडकी वाटते. बहुतेक वेळा तिथे एकच गोष्ट कमी असते: पुढच्या मडगार्डापासून निघून दरवाजावरून थेट हौद्याच्या टोकापर्यंत गेलेली चमकदार पट्टी. खऱ्या गाडीवर ही पट्टी नुसती शोभेची नसायची. शेजारच्या गाडीचं दार आपटलं तर मार पत्र्याऐवजी तिच्यावर बसायचा, आणि दुरंगी गाडीवर दोन रंगांचा सांधा तिच्याखाली झाकला जायचा. अमेरिकन पिकअपमध्ये साधा प्रकार कुठला आणि महागडा कुठला, हेही बऱ्याचदा पट्टीवरूनच कळायचं. फोर्डने एफ-१०० मालिकेत १९७० मध्ये रेंजर एक्सएलटी हा वरचा प्रकार आणला. किटमध्ये साधा प्रकार आला असेल आणि तुम्हाला असा वरचा करायचा असेल, तर पट्टी स्वतः घडवावी लागते.

काम अवघड नाही. एका बैठकीत मात्र होत नाही. रंग वाळण्याचा वेळ धरून दोन आठवडे हाताशी ठेवा, पावसाळा असेल तर तीन.

पुढचं सगळं मी १:२५ या प्रमाणातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी, १९६७ ते १९७२ च्या पिढीची फोर्ड एफ-१०० समोर धरून लिहितो आहे. १:२४ च्या गाडीलाही हीच रीत चालते, आकडे तेवढे किंचित बदलतात.

आधी फोटो, मग मोजमाप

ज्या वर्षाची आणि ज्या प्रकारची गाडी करायची, तिचा अगदी बाजूने काढलेला फोटो शोधा. तिरका फोटो मापाला उपयोगी नाही. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत पट्टीची उंची आणि लांबी बदललेली असते, त्यामुळे ‘साधारण अशीच असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

आता त्या फोटोवरून माप काढायची युक्ती. या पिढीच्या आखूड हौद्याच्या एफ-१०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ११५ इंच होता. लांब हौद्याचा १३१ इंच. ११५ इंच म्हणजे २९२१ मिलिमीटर. त्याला २५ ने भागलं की ११७ मि.मी. येतात. फोटो असा छापून घ्या की कागदावर दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर बरोबर ११७ मि.मी. भरेल. झेरॉक्सच्या दुकानात ‘एवढ्या टक्क्यांनी लहान करा’ म्हटलं की करून देतात. आता तो कागद म्हणजे तुमच्या मॉडेलच्याच मापाचा नकाशा झाला. पट्टी कुठे सुरू होते, कुठे संपते, किती रुंद आहे, हे सरळ फूटपट्टीने मोजता येतं.

रुंदीचा अंदाज लक्षात ठेवायला सोपा आहे. खऱ्या गाडीवरची एक इंचाची पट्टी १:२५ मध्ये जेमतेम १ मि.मी. होते. जाडी त्याहून महत्त्वाची. खरी पट्टी पत्र्यापासून सहा-आठ मिलिमीटर वर येते, म्हणजे मॉडेलवर पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. नवीन माणूस नेमका इथे फसतो. हाताला सोपी म्हणून जाड पट्टी लावतो आणि गाडीला कमरपट्टा बांधल्यासारखं दिसतं. शंका आली की बारीक पट्टी घ्या.

सामान कुठलं, कुठून

पट्टीसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकच्या तयार पट्ट्या. एव्हरग्रीन कंपनीच्या ०.२५ मि.मी. जाड आणि १ मि.मी. रुंद पट्ट्या या कामाला अगदी बरोबर बसतात. बाहेरचा भाग गोलसर हवा असेल तर अर्धगोल पट्टी मिळते. १ मि.मी. रुंद अर्धगोल पट्टी अर्धा मिलिमीटर वर येते, तेवढी आपल्याला नको असते, म्हणून ती लावल्यावर वॉटर पेपरने थोडी उतरवावी लागते. आर्किटेक्चरच्या मुलांना मॉडेलचं सामान विकणाऱ्या दुकानांत एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्याही चालतील. फक्त साध्या पॉलिस्टायरिनच्या सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या द्रवाने, त्या घट्ट धरत नाहीत, आधी टाकाऊ तुकड्यावर चिकटवून बघा.

बाकीच्या हत्यारांसाठी मुंबईत राहणाऱ्याला फार धावपळ नाही. मस्जिद बंदर स्टेशनवर उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात की व्हर्नियर, बारीक कानशी, छोटा गुण्या असं सगळं मिळतं. टोकदार चिमटा आणि सोनारी आरीची पाती झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत बघा. सोनारकामाची हत्यारं आपल्या कामाला जेवढी लागू पडतात तेवढी दुसरी कुठलीच नाहीत. मास्किंग टेप मात्र रंगाऱ्याची नको, तिची कड रवाळ असते. मॉडेलसाठीच बनवलेली टॅमियाची ६ किंवा १० मि.मी.ची टेप मागवा. पातळ सिमेंटही त्यांचंच, हिरव्या झाकणाची बाटली. चमकेसाठी बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागे गोंद असलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख. तो ऑनलाइनच मागवावा लागतो. कटरची नवी पाती हवीतच. आपल्या खाऱ्या हवेत पाती उघडी ठेवली की गंजतात, म्हणून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा.

रेघ: सगळं काम इथेच आहे

माझ्या पहिल्या ट्रकवर मी केबिन टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर रेघ मारली, मग हौदा घेऊन त्याच्यावर मारली. दोन्हीकडे खालच्या कडेपासून माप सारखं घेतलं होतं. पट्ट्या लावल्या, रंग दिला, वर्खही चढवला. चासीवर बसवल्यावर दिसलं की हौद्यावरची पट्टी केबिनच्या पट्टीपेक्षा एक मिलिमीटर वर आहे. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच सेंटीमीटर. शोरूममधून अशी गाडी कोणी घेतली नसती. केबिन आणि हौदा हे दोन वेगळे भाग, दोघांची खालची कड वेगळ्या उंचीवर, आणि चासीवरचे टेकूही वेगळे. मला सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी तो ट्रक हातात घेऊन एवढंच विचारलं, की सगळे भाग जागेवर बसवल्याशिवाय खूण केलीसच कशी? तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. सुटे भाग कधी मार्क करायचे नाहीत. गाडी उभी करायची आणि उभ्या गाडीवर एकच रेघ मारायची.

त्यासाठी चासी, चाकं, केबिन आणि हौदा हे सगळं गोंद न लावता जुळवा. हलत असेल तिथे टेपचा तुकडा लावून धरा. मग गाडी सपाट काचेवर ठेवा. जुन्या खिडकीची जाड काच उत्तम, टेबलाच्या फळीवर भरवसा नको.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. रिकामा पिकअप ट्रक मागून किंचित उचललेला असतो. किटही तसंच बनवलेलं असतं. पट्टी जमिनीला समांतर नसते, ती गाडीच्या अंगावरच्या मोडीला, म्हणजे पत्र्याला बाजूने दिलेल्या लांब घडीला, समांतर असते. म्हणून पुढच्या चाकांखाली पत्ते सरकवत जा. खेळायचा एक पत्ता साधारण ०.३ मि.मी. जाड असतो, त्यामुळे फरक बारीक बारीक करता येतो. अंगावरची मोड पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला काचेपासून सारख्याच उंचीवर आली की थांबा. आता गाडी तुमच्यासाठी समतल झाली.

वर्कशॉपमध्ये अशा रेघेसाठी सरफेस गेज असतो. घरी तो कॅरमच्या सोंगट्यांचा होतो. तीन-चार सोंगट्यांची चळत करायची, वर ०.५ मि.मी.च्या शिशाची पेन्सिल आडवी ठेवून टेपने घट्ट बांधायची, आणि उंची जुळवायला मध्ये पत्ते घालायचे. नकाशावरून आलेली उंची लावा. पत्ते चाकांखाली घातल्यामुळे ही उंची जमिनीपासून धरू नका, अंगावरच्या मोडीपासून पट्टीची खालची कड किती खाली आहे ते मोजा आणि तिथे शिसं टेकवा. मग गाडी डाव्या हाताने वरून हलकेच दाबून धरा आणि चळत काचेवरून सरकवत न्या. शिसं पुढच्या मडगार्डावरून दारावर, दारावरून केबिनच्या पाठीवर, मधली फट ओलांडून हौद्यावर, असं एका दमात जाऊ द्या. जोर द्यायचा नाही, शिशाने नुसतं अंगाला शिवत जायचं. गाडी फिरवा आणि चळतीला अजिबात हात न लावता दुसऱ्या बाजूलाही तशीच रेघ ओढा. दोन्ही बाजू आपोआप जुळतात.

रेघ झाल्यावर डोळा काचेच्या पातळीला आणून पुढून मागे बघा. वाक असेल तर इथेच दिसेल. पुसून पुन्हा मारायला काही लागत नाही.

पट्टी बसवणं

पट्टी रंगाआधी, उघड्या प्लॅस्टिकवर लावायची. भाग सुटे करण्याआधी भांड्यांच्या साबणाने हलक्या हाताने धुवून घ्या, कारण साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा प्लॅस्टिकवर राहतो. पेन्सिलची रेघ बहुतेक टिकते. पुसट झाली तर चळत आहेच.

रेघेच्या लगेच खाली टॅमिया टेप लावा, अशी की टेपची वरची कड म्हणजेच पट्टीची खालची कड. हे कुंपण झालं. पट्टी या कुंपणावर टेकवून ठेवायची. लांबी मुद्दाम दोन्हीकडे थोडी जास्त ठेवा.

दरवाजा किटमध्ये बंदच ओतलेला असेल, तर मडगार्ड, दार आणि केबिनची पाठ यांच्यासाठी तीन वेगळे तुकडे कापू नका. एकच अखंड पट्टी तिन्हींवरून लावा आणि सुकल्यावर दाराच्या फटींवर आरीच्या पात्याने कापा. तुकडे वेगवेगळे लावले की त्यांची रांग कधीच एका सुतात येत नाही. अखंड पट्टी लावून कापली तर चुकायला जागाच राहत नाही. हौद्यासाठी मात्र स्वतंत्र पट्टी, कारण तो भाग वेगळा काढावा लागतो.

आता चिकटवताना नीट बघा. पातळ सिमेंट हे गोंदासारखं मधे बसून राहत नाही. ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळून टाकतं, आणि बारीक फट दिसली की तिच्यात स्वतःहून ओढलं जातं. टेप आणि प्लॅस्टिक यांच्यामधली फटही त्याला तेवढीच आवडते. टेपखाली शिरलं की तिथलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि टेप काढताना खड्डा पडतो. म्हणून कुंपण लावलेलं असताना सिमेंट फक्त पट्टीच्या वरच्या कडेने, दर दोन सेंटीमीटरवर एक इवलासा थेंब एवढंच. ब्रश बाटलीच्या काठाला पुसून घ्या, तो जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. पाच मिनिटं थांबा. पट्टी जागेवर धरली गेली की टेप हळूच, पट्टीपासून दूर ओढत काढून घ्या. त्यानंतर ब्रशचं टोक वरच्या कडेला टेकवत सगळीकडे सिमेंट सोडत जा. ओल पट्टीखालून पळताना डोळ्याला दिसते, बारीक गडद रेघ सरकत जाते. ती रेघ टोकापर्यंत गेली की तिथलं काम झालं. बोट लावू नका.

एक रात्र जाऊ द्या. मगच फटींवर कापा. कापलेली फट दाराच्या फटीएवढीच दिसली पाहिजे, त्याहून रुंद नको. टोकांना फोटोत दिसतो तसा आकार द्या. काही गाड्यांवर टोक चौकोनी असतं, काहींवर निमुळतं होत गेलेलं. निमुळतं करायला बारीक कानस पुढून मागे एकाच दिशेने फिरवा. सुपरग्लू इथे शक्यतो टाळा. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट डाग येतात आणि दमट हवेत ते जास्त येतात.

चाकांच्या कमानीवरूनही पट्टी फिरत असेल तर बारीक, ०.५ मि.मी. रुंदीची पट्टी कोमट ते गरम पाण्यात थोडा वेळ धरा, औषधाच्या बाटलीसारख्या गोल वस्तूभोवती वळवा, गार होऊ द्या, मग लावा. सरळ पट्टी दाबून वाकवली तर सिमेंट सुकल्यावरही ती उघडायला बघते. पहिल्या गाडीला कमानीची पट्टी नसलेला प्रकार निवडलात तर बरं.

प्रायमर, रंग आणि आपला पावसाळा

प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक पातळ हात मारा आणि अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च गाडीच्या अंगाला जवळजवळ समांतर धरून बघा. सिमेंटचा ओघळ, पट्टीखालची फट, कानशीचा ओरखडा, सगळं सावलीत उठून दिसतं. फट असेल तिथे पातळ केलेली लांबी (पुटी) टूथपिकने भरा, सुकल्यावर ओल्या वॉटर पेपरने घासा, पुन्हा प्रायमर.

दुरंगी गाडीला पट्टीचा मोठा फायदा होतो. फिकट रंग आधी सगळीकडे द्या, वाळल्यावर मास्किंग टेपची कड पट्टीच्या मध्यावरून जाईल अशी लावा आणि गडद रंग मारा. सांधा पट्टीवर पडतो आणि वर्खाखाली झाकला जातो. म्हणजे खऱ्या कारखान्यात पट्टीने जे काम केलं, तेच ती तुमच्या टेबलावर करते.

मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकरचा स्प्रे मारताना रंगावर दुधाळ झाक येते. लॅकरमधलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर ओली होऊन रंगात अडकते. भर पावसात स्प्रे मारू नका. दोन-तीन तास उघडीप मिळाली, ऊन पडलं, की तेव्हा मारा, पातळ हात द्या आणि लगेच गाडी झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा. धूळही बसत नाही. स्प्रे गॅलरीत किंवा गच्चीवर, तोंडाला मास्क लावून मारा. बंद खोलीत कधीच नाही.

इनॅमल रंग पावसाळ्यात आठवडाभर तरी वाळू द्या. वाळला का हे बोटाने बघायचं नाही. डब्याचं झाकण उघडून वास घ्या. रंगाचा वास येतोय तोवर आत तो ओलाच आहे, आणि ओल्या रंगावर वर्ख लावला तर पातं फिरताना रंगासकट उचलला जातो.

वर्ख चढवणं

रंगानंतर चकाकीचा क्लिअर कोट द्यायचा असेल तर तो वर्खाच्या आधी. वरून दिला की धातूची चमक मरते.

फॉइलच्या कागदावरच धारदार पात्याने तीन-चार मि.मी. रुंद पट्टा कापा. चिमट्याने एक टोक उचला, पट्टीवर ठेवा, आणि ताण न देता पुढे पुढे टेकवत जा. दाराच्या फटींची काळजी करू नका, त्यांच्यावरूनच जा. आता इअरबडने मधून बाहेरच्या दिशेने दाबत सुरकुत्या काढा. मग टूथपिकचं टोक थोडं बोथट करून पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कोनात फिरवा. सोनार ज्याने ओप देतात ती अकीकाची ओपणी मिळाली तर फारच छान. वर्ख पट्टीच्या कडेत बसला की तिथे स्पष्ट रेघ उमटते.

नवं पातं लावा. इथे जुन्या पात्याने एक मिनिटही काम करू नका. पातं कडेच्या कोनात टेकवून पात्याच्या स्वतःच्या वजनाएवढ्याच दाबाने ओढा. जोर दिलात तर खालचा रंग कापला जाईल, आणि तो दुरुस्त होत नाही. दाराच्या फटींवरही पातं फिरवून वर्ख फटीच्या आत दाबा. जादा वर्ख चिमट्याने सावकाश सोला. मागे उरलेला गोंद इअरबडला थोडं लायटरचं पेट्रोल लावून निघतो, पण तुमच्या रंगावर ते चालतं का हे आधी गाडीच्या पोटाला लावून बघा.

वर्ख फाटला तर तो तुकडा काढून दुसरा लावा. जोडावर दुसरा तुकडा थोडा चढवून दाबला की सांधा दिसत नाही, आणि सांधा नेहमी दाराच्या फटीवर घ्यायचा.

फॉइल मिळालीच नाही तर मोलोटोचा लिक्विड क्रोम पेन आहे. १ मि.मी.च्या टोकाचा घ्या. चमक सुंदर येते. पण तो नीट सुकायला दिवस जातात आणि तोवर बोट लागलं की तिथे राखाडी डाग पडतो. मला फॉइल जास्त आवडते, ती धातूसारखी दिसते कारण ती धातूच असते.

आपल्याकडचा ट्रक करायचा असेल तर

इथली मुलं बऱ्याचदा विचारतात की कळंबोलीला उभे असतात तसे ट्रक करायचे, त्यांना क्रोम कुठे? बरोबर आहे, पण त्यांच्या बाजूला चमकणाऱ्या टेप असतात. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ही टेप साधारण ५ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे १:२४ मध्ये २ मि.मी.च्या आसपास. तिला जाडी जवळजवळ नसते, म्हणून प्लॅस्टिकची पट्टी लावायची गरज नाही. रंगीत रिफ्लेक्टर टेप पातळ कापा किंवा डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं पातळ छापील चित्र, छापून घ्या. खऱ्या ट्रकवर ती फळ्यांच्या उभ्या पट्ट्यांपाशी तुटलेली असते, तुम्हीही तशीच तोडा. रेघ मात्र वर सांगितली तशीच, उभ्या गाडीवर, सोंगट्यांच्या चळतीने.

शेवटची जोडणी

वर्ख चढल्यावर गाडीला फक्त स्वच्छ सुती हातमोजे घालून किंवा चाकांना धरून हात लावा. केबिन चासीवर आधी चिकटवा आणि सुकू द्या. हौदा नंतर. हौद्याच्या टेकूंना सिमेंट लावून तो जागेवर ठेवला की लगेच गाडी काचेवर ठेवा, पुढच्या चाकांखाली तेवढेच पत्ते घाला आणि पेन्सिलचं शिसं आत सारून तीच चळत बाजूला लावा. केबिनच्या पट्टीची खालची कड आणि हौद्याच्या पट्टीची खालची कड दोन्ही पेन्सिलच्या टोकाशी जुळतात का बघा. सिमेंट ओलं असेपर्यंत चार-पाच मिनिटं तुमच्या हातात असतात. हौदा वर असेल तर टेकूवर किंचित दाबा, खाली असेल तर टेकूखाली कागदाची चकती सरकवा. जुळलं की हौद्यावर एक हलकं वजन ठेवा आणि सकाळपर्यंत गाडी त्या काचेवरून उचलू नका.